न चुरगळणारा शर्ट आणि काखेतली खाज

गेल्या पावसाळ्यात दादाला काखेत खाज सुटली. आधी वाटलं घामोळं असेल. मग लालसर चट्टे आले, बारीक पुळ्या आल्या, खाजवून खाजवून लस यायला लागली. आईने वांगं बंद केलं. वहिनीने साबण बदलला. औषधाच्या दुकानातून नायट्याचं मलम आलं. ते लावलं की आठवडाभर बरं वाटायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे तीन महिने गेले. शेवटी तो त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरांनी मलमाची ट्यूब मागितली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली, त्यात स्टेरॉइड असल्याचं आम्हाला दाखवलं आणि म्हणाल्या, "शर्ट काढा, बनियनसुद्धा. हात वर करा."

मग त्यांनी मलाही जवळ बोलावलं. काखेचा अगदी आतला खळगा स्वच्छ होता. पुरळ होतं ते खळग्याच्या कडेने, शर्टाची शिवण घासते त्या पुढच्या आणि मागच्या घडीवर. मानेवर कॉलर टेकते तिथे एक पट्टा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं. आणि पाठीवर सँडो बनियनचा आकार जसाच्या तसा उमटलेला: बनियनखालची कातडी नितळ, तिच्या कडेबाहेर खांद्यांकडे लाल ठिपके. "बनियनने तुम्हाला वाचवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "नवे शर्ट कधी घेतले?"

जूनमध्ये त्याने ऑफिससाठी चार शर्ट घेतले होते. शंभर टक्के कॉटन, आणि पाकिटावर लिहिलेलं, इस्त्रीची गरज नाही.

त्या "शंभर टक्के कॉटन"वरच आमची सगळ्यांची भिस्त होती. सुती कापड अंगाला बाधत नाही, बाधतं ते पॉलिस्टर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण धागा कुठला हे कळल्याने अर्धीच गोष्ट कळते. त्या धाग्यावर कारखान्यात शेवटी काय चढवलं, ही उरलेली अर्धी. आणि ती लेबलवर नसते.

सुती कापड मुळात कशामुळे चुरगळतं, इथून सुरुवात करू. कापूस म्हणजे सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्या एकमेकींशेजारी आडव्या पडलेल्या असतात आणि हलक्या हातांनी एकमेकींना धरून असतात. घाम आला, पाणी लागलं, की ही पकड सुटते, साखळ्या सरकतात, आणि वाळताना आहेत त्या जागी पुन्हा एकमेकींना धरतात. बसून उठल्यावर शर्टाला पडलेली चुणी म्हणजे साखळ्यांनी नव्या जागी धरलेली पकड. इस्त्री करताना आपण पाणी शिंपडून ती पकड सोडवतो आणि दाबून सरळ बसवतो.

आता गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर दोन दिवसांत गोळा होतील. म्हणून आजी आडवे-उभे टाके घालायची. थर मऊ राहायचे, पण सरकायचे नाहीत. कापसाच्या साखळ्यांना असेच टाके घालता आले तर कापड चुरगळणार नाही, ही कल्पना मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली या कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी १९२०च्या दशकात प्रत्यक्षात आणली. टाक्याचा दोरा होता युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बनलेलं राळेसारखं द्रव्य, म्हणजे रेझिन. पुढे १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लीन्स इथल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टाके जास्त पक्के कसे बसतील यावर काम केलं. पॉलिस्टरच्या लाटेत कापसाचं काय होणार ही तेव्हा कापूस पिकवणाऱ्यांची खरी काळजी होती, आणि "धुवा आणि घाला" हे कापसाचं उत्तर होतं.

कारखान्यात हे काम सगळ्यात शेवटी होतं. रंगवलेलं कापड रेझिनच्या द्रावणातून बुडवून पिळून काढतात, स्टेंटर यंत्रावर ताणून वाळवतात आणि मग साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. त्या उष्णतेत टाके पडतात. पण सगळेच पडत नाहीत. काही रेझिन एका टोकानेच साखळीला लटकून राहतं, काही फॉर्माल्डिहाइड कापडात नुसतंच अडकून राहतं. नंतर उष्णता, दमट हवा आणि घाम यांनी ही सुटी टोकं उसवतात आणि फॉर्माल्डिहाइड थोडं थोडं बाहेर पडत राहतं. शर्टाचं पाकीट फोडल्यावर, टाचण्या आणि कॉलरमधली प्लॅस्टिकची पट्टी काढताना, कधी कधी नाकाला जो किंचित झोंबणारा वास येतो त्यात त्याचा वाटा असू शकतो. वास नसेल तर ते नाहीच असं मात्र नाही.

फॉर्माल्डिहाइडला आपण वेगळ्या नावाने ओळखतो. हा वायू पाण्यात विरघळवला की त्याला फॉर्मलिन म्हणतात. शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत बेडूक असायचा, त्या बरणीतलं डोळे चुरचुरवणारं पाणी तेच. गोव्याच्या वाचकांना तर जुलै २०१८ आठवत असेल. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मलिन असल्याच्या संशयावरून केवढं रान उठलं होतं, आणि सरकारला बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली होती. बरणीतला बेडूक कुजत नाही याचं कारण आणि कापड चुरगळत नाही याचं कारण एकाच स्वभावात आहे: हा रेणू दोन वेगळ्या रेणूंना घट्ट जोडून टाकतो. बरणीत तो प्रथिनांना जखडतो, कापडात सेल्युलोजला.

आणि कातडीत पुन्हा प्रथिनांना. ॲलर्जी इथे सुरू होते.

हा रेणू इतका लहान आहे की आपल्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत तो एकटा भरतच नाही. पण घामाबरोबर कातडीत शिरून तिथल्या प्रथिनाला चिकटला की ते प्रथिन "आपलं" वाटेनासं होतं. कातडीत पहारेकरी पेशी असतात. त्या हे बदललेलं प्रथिन उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, दाखवतात. ज्यांची प्रकृती तशी असते त्यांच्यात या टी-पेशी तो चेहरा लक्षात ठेवतात. या पहिल्या ओळखीला दहा-पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात अंगावर काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी तेच द्रव्य लागलं की मात्र ओळख पटलेल्या पेशी तिथे जमा होतात आणि सूज, लाली, खाज सुरू होते. जमायलाही त्यांना वेळ लागतो, साधारण एक ते तीन दिवस.

या उशिरामुळे सगळा घोळ होतो. शनिवारी लग्नात घातलेल्या शर्टाचं पुरळ सोमवारी उठतं, आणि आपण रविवारी काय खाल्लं ते आठवत बसतो. आमच्या वांग्याचा काही दोष नव्हता.

अंगावर पित्त उठणं ही याहून वेगळी गोष्ट. पित्ताच्या गांधी काही मिनिटांत उठतात, जागा बदलतात आणि बहुतेक वेळा काही तासांत, फार तर दिवसाभरात मावळतात. आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावून वाट बघतात. कापडाच्या ॲलर्जीचं पुरळ सावकाश येतं, एका जागी बसून राहतं, कातडी जाड आणि खरखरीत करतं आणि जायला दोन-तीन आठवडे घेतं. डॉक्टर याला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. बोलीत आपण इसब म्हणतो तोच हा प्रकार. नायटा पुन्हा वेगळा: त्याची गोल कड उठावदार असते, मधला भाग निवळत जातो आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाला लागू शकतो. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने हे सगळे प्रकार चार दिवस सारखेच शांत दिसतात. त्यामुळे खरं दुखणं झाकलं जातं, आणि नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. हे मलम डॉक्टरांनी न सांगता लावू नये, असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं. दादाचे तीन महिने त्यातच गेले.

पुरळ कुठे आहे हे बघणं ही अर्धी तपासणी असते. काखेच्या मधोमध असेल तर डिओडरंटवर संशय. कडेच्या घडीवर असेल तर कपड्यावर. बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा असेल तर जीन्सच्या बटणातलं निकेल. कंबरेभोवती पट्टा असेल तर इलॅस्टिकमधलं रबर, किंवा बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीचा काच. तो काच बहुतेक वेळा नुसत्या घर्षणाने आणि घामाने होतो, ॲलर्जीने नाही. मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत असेल तर पँटचं कापड. जिथे कापड घट्ट बसतं, घासतं आणि घाम मुरतो तिथे जास्त. जिथे खाली जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड आहे तिथे कमी. दादाच्या पाठीवरच्या बनियनचा नकाशा याच नियमाने उमटला होता.

पण अंदाजावर डॉक्टर थांबल्या नाहीत. त्यांनी पॅच टेस्ट करायला सांगितली. ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधलं शहर) इथल्या योसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही तीच आहे. दादाच्या पाठीवर चिकटपट्टीच्या ओळी लावल्या, प्रत्येक ओळीत शर्टाच्या बटणाएवढ्या लहानशा वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक संशयित: निकेल, सुगंधी द्रव्य, रबरातली रसायनं, केसांच्या काळ्या रंगातलं रसायन, आणि एका वाटीत गाळणकागदाच्या चकतीवर दोन टक्के फॉर्माल्डिहाइडच्या पाण्याचा थेंब. शाईने जागा आखून ठेवल्या. दोन दिवस पाठीला पाणी नाही, धावपळ नाही, घाम येईल असं काही नाही. वहिनी त्याला स्पंजने पुसून घ्यायची. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा त्या एका जागी फिकट लाली होती, बाकी काही नाही. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी पुन्हा दोन दिवसांनी बोलावलं. तेव्हा तीच जागा लाल, फुगलेली, वर पाण्याच्या बारीक पुळ्या धरलेली. हात लावला तर बोटाला खडबडीत लागत होती. बाकी सगळ्या जागा कोऱ्या. चौथ्या दिवशी यायला कंटाळून कुणी आलंच नाही, तर निदान हातचं निसटतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज कपड्यांनी होणाऱ्या ॲलर्जीत फॉर्माल्डिहाइड पहिल्या क्रमांकावर नाही. तो मान रंगांचा, त्यातही पॉलिस्टर आणि नायलॉन रंगवायला वापरतात त्या डिस्पर्स रंगांचा. गडद निळ्या आणि काळ्या कपड्यांत ते जास्त सापडतात. फॉर्माल्डिहाइडच्या तक्रारी १९५० आणि ६०च्या दशकांत खूप होत्या, कारण तेव्हाच्या कापडातून ते आजच्यापेक्षा कितीतरी पट जास्त सुटायचं. नंतर डीएमडीएचईयू या लांबलचक नावाच्या रेझिनने आणि त्याच्या सुधारित प्रकारांनी ते प्रमाण खाली आणलं. म्हणून आज बऱ्याच जणांना फॉर्माल्डिहाइडची पहिली ओळख कापडातून होत नाही. ती शाम्पू, क्रीम, नखं कडक करणारं द्रव्य किंवा कामाच्या जागेवरचं रसायन यांतून होते, आणि शर्ट फक्त जुनी ओळख जागी करतो. शाम्पूच्या बाटलीवर फॉर्माल्डिहाइड हे नाव नसतंच. तिथे डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया अशी नावं असतात. ही टिकवणारी द्रव्यं हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात. टेस्टमध्ये फॉर्माल्डिहाइडची ॲलर्जी निघाली म्हणजे नुसता शर्ट टाकून भागत नाही, न्हाणीघरातल्या बाटल्याही वाचाव्या लागतात.

कुठल्या कापडात ते जास्त असण्याची शक्यता? उत्तर आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. चुरगळतात आणि आटतात ते कापूस आणि रेयॉन. म्हणून रेझिनची गरज त्यांना. शुद्ध पॉलिस्टर, शुद्ध नायलॉन मुळातच फारसे चुरगळत नाहीत, त्यांना हा उपचार सहसा करत नाहीत. रेशमालाही नाही. रिंकल-फ्री कॉटन, रेयॉनचे सळसळते कुर्ते, कॉटन आणि पॉलिस्टरची मिश्रणं, न चुरगळणाऱ्या चादरी आणि पडदे, हे संशयाच्या यादीत वर. पिगमेंट छपाईत रंग कापडाला धरून ठेवणारा जो बाइंडर असतो, त्यातूनही ते येऊ शकतं. हातमागाचं साधं सुती, जे एकदा बसलात की चुरगळतं, ते या बाबतीत सगळ्यात भरवशाचं. चुरगळणं ही तिथे चांगली खूण आहे.

किती असलं म्हणजे जास्त, याला देशोदेशी वेगळी उत्तरं आहेत. जपानने १९७३च्या कायद्याखाली दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळजवळ नसावंच असं ठरवलं, आणि मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांत ७५ पीपीएमची मर्यादा घातली. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. ७५ पीपीएम म्हणजे किलोभर कापडात ७५ मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या शर्टात १५ मिलिग्रॅम. हा वायू शेजारच्या कापडातही शिरतो, म्हणून जपानमध्ये बाळांचे कपडे बंद प्लॅस्टिक पिशवीत विकतात. शेजारच्या घडीतून बाळाच्या झबल्यात ते जाऊ नये यासाठी. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२०पासून कपड्यांना तीच ७५ची मर्यादा लावली. अमेरिकेत कपड्यांसाठी देशपातळीवर अशी मर्यादा नाही. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१०मध्ये १८० वस्तू तपासल्या, तेव्हा १० वस्तू ७५च्या वर निघाल्या, आणि त्या मुख्यतः न चुरगळणाऱ्या कापडाच्या होत्या. आपल्याकडचे जे कारखाने युरोपला माल पाठवतात त्यांना ही तपासणी करावीच लागते. तीच माहिती इथल्या दुकानातल्या शर्टावर एका ओळीत छापायला काय अडचण आहे, हे मला कळत नाही. किती टक्के कॉटन ते छापता, तर त्यावर काय चढवलं तेही छापा.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. आपलं शरीर स्वतःच्या कामकाजात रोज फॉर्माल्डिहाइड तयार करतं आणि लगेच मोडून टाकतं. रक्तात दर लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम कायम असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलं, हेही खरं. पण ते प्रामुख्याने वर्षानुवर्षं ते हवेतून श्वासात घेणाऱ्या कामगारांवरच्या अभ्यासांवरून. अमेरिकेत अशा कापडाचे कपडे शिवणाऱ्या ११ हजारांहून अधिक कामगारांचा माग ठेवला गेला, आणि जास्त वर्षं काम केलेल्यांत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे शर्ट घालणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जोखीम तो शर्ट कापणाऱ्या आणि शिवणाऱ्याची, बंद गोदामात गठ्ठे सोडणाऱ्याची. दिवसभर नव्या कापडात बसणाऱ्या शिवणकाम करणाऱ्यांचे डोळे चुरचुरत असतील, हाताला पुरळ येत असेल, तर खिडकी आणि पंख्याची सोय ही चैन नव्हे.

घरी काय करायचं ते साधं आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात सहज विरघळतं, म्हणून नवा कपडा घालण्याआधी धुवायचा. ॲलर्जी असलेल्याने दोन-तीनदा, साबण लावून, आणि मग वाऱ्यावर वाळवायचा. सुटं फॉर्माल्डिहाइड त्याने बरंच निघून जातं. टाक्यांमधलं पूर्ण जात नाही, दमट हवेत ते पुन्हा थोडं सुटत राहतं, म्हणून ज्याची टेस्ट ठळक आली आहे त्याने न चुरगळणारं कापड धुऊनही टाळलेलंच बरं. पाडव्याला, दिवाळीला कोरं घालायची आपली रीत आहे. आमच्याकडे आता कपडे आदल्या दिवशी धुतात आणि कुंकवाचं बोट सकाळी लावतात. बाळाच्या बाबतीत तर जुन्या बायकांचंच बरोबर होतं. पाचवीला कोणी कितीही भारी झबली आणोत, बाळाला गुंडाळायला आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटंच काढायच्या. शेकडो वेळा धुतलेल्या त्या कापडात सुटण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

दादाचं पुरळ डॉक्टरांच्या औषधाने आणि शर्ट बंद केल्यावर तीन आठवड्यांत गेलं. शाम्पूही बदलला. आता तो परटाकडे कपडे टाकतो आणि संध्याकाळी चुरगळलेल्या शर्टात घरी येतो. ते चार शर्ट टाकून द्यायचे का, हे वहिनीने डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, यांच्या कपाटातून हलवा, पण ज्याला ही ॲलर्जी नाही त्याने घालायला काहीच हरकत नाही. चार धुण्यांनंतर त्यातले दोन माझा मुलगा कॉलेजला घालून जातो. त्याला अजून एक पुळीसुद्धा आलेली नाही.